फोनले रायपूर माहीत नाही

रायपूर, १८ नोव्हेंबर २०२४

ती. आईंना,
अस्मिताचा नमस्कार.

माझ्या अक्षरातलं पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल. लिहिताना मलाही वाटतंय. भाऊबीजेला तुम्ही गोंदियाला गेलात तेव्हापासून तुमचा फोन बंद लागतो. नरहरीमामांना केला तर म्हणाले, "ताईनं मोबाइल फडताळात ठेवला अन् किल्ली कमरेले लावली." बहिणीपुढे आपलं काही चालत नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं. म्हणून पत्र. आणि आधीच सांगते, मी हे स्वतःहून लिहीत नाहीये. उल्कामावशी समोर खुर्ची टाकून बसल्यात आणि लिहून घेतायत.

परवा शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात उल्कामावशी आणि त्यांच्या खांद्याला धरून शांताबाई. मी म्हटलं, आई तर गावाला गेल्यात. उल्कामावशी म्हणाल्या, "मालूम है बेटा. उसकी जगह तू बैठ." आणि सरळ आत आल्या, पंखा लावला.

जूनपासून मी या घरात आहे, पण तुम्ही तिघी शनिवारी भिशी करता असंच मला वाटायचं. सिनेमाचे सवाल-जवाब खेळता हे दिवाळीच्या फराळाला कळलं, तेही अर्धंच, कारण मी आत चकल्या काढत होते. बाकीचं उल्कामावशींनी आत्ता सांगितलं. पंडरी बाजारातले कापडवाले लोकेशभैया फराळाला आले होते, त्यांनी एका जुन्या सिनेमाचं साल विचारलं. तुम्ही म्हणालात, माझ्या लग्नाच्या वर्षीचा. आणि आशयनं फोन वर धरून सगळ्यांसमोर वाचलं, "आई, गलत. दो साल पहले की है." सगळे हसले. तुम्ही फराळाच्या बशा उचलायला लागलात.

यावर मी काही बोलणार नाही. तुमचं आणि तुमच्या मुलाचं तुम्ही बघा.

माझी अडचण वेगळी आहे. शनिवारी मला एकही उत्तर आलं नाही. नियमसुद्धा माहीत नव्हते. सिनेमाचं नाव घ्यायचं नाही, नटनट्यांची नावं घ्यायची नाहीत, फक्त प्रसंग सांगायचा आणि त्यातलं एखादं बारीकसं काहीतरी विचारायचं. मी पहिल्याच सवालाला आनंदानं सिनेमाचं नाव ओरडले. शांताबाई म्हणाल्या, "गेला पॉइंट. हे पोट्टी आपल्याले बुडवते."

संक्रांतीला देवळाच्या हॉलमध्ये पंडरीवाल्यांशी तुमची दरवर्षीची मॅच असते म्हणे. जिंकेल त्या टीमच्या पसंतीचा सिनेमा मोठ्या पडद्यावर. तीन जणी लागतात आणि आहेत दोनच. तुम्ही यावं असं दोघींचं म्हणणं आहे. येणार नसाल तर निदान या तीन सवालांची उत्तरं कळवा. हे त्या दोघींनाही येत नाहीत आणि त्या एकमेकींवर चिडल्यात:

नायिका सासर सोडून माहेरी येते तेव्हा हातात काय असतं? काळ्या चष्म्याचा खलनायक सिगारेट कुठे विझवतो? थंड हवेच्या ठिकाणच्या गाण्यात मागून कोण जातं?

तब्येत सांभाळा.
अस्मिता


गोंदिया, २६ नोव्हेंबर
(पोस्टकार्ड)

अस्मिता,
पिंजरा. रिकामा.
चहाच्या बशीत.
लाकडं घेतलेला हमाल. दोन्ही कडव्यांत थोच हमाल आहे. डोंगर बदलला, हमाल नाही बदलला.
शांताबाईच्या डाव्या बाजूले बसजो. उजव्या कानानं तिले ऐकू येत नाही.
पद्मजा


रायपूर, ५ डिसेंबर २०२४

ती. आईंना नमस्कार.

तुमचं कार्ड शांताबाईंना वाचून दाखवलं, डाव्या बाजूला बसून. हमालाचं उत्तर ऐकून त्या इतक्या हसल्या की दातांची कवळी काढून ठेवावी लागली. मग आम्ही ते गाणं टीव्हीवर लावलं. खरंच तोच हमाल! पहिल्या कडव्यात डावीकडून जातो, दुसऱ्यात उजवीकडून येतो. नायक-नायिका नवीन गावात पोचले तरी याची लाकडं काही पोचत नाहीत.

आता रोज ऑफिसमधून आले की अर्धा सिनेमा शांताबाईंकडे बघते. त्यांच्या सुनेला वाटतं मी सेवाभावी आहे. तसं काही नाही. इथं संध्याकाळी मला बोलायला कोणी नसतं, हे एक कारण. आशय सिलतऱ्याच्या कारखान्यातून येतो तेव्हा त्याच्या कपड्यांना लोखंडाचा वास असतो आणि तो जेवून झोपतो. तो मजेत आहे. आम्ही दोघंही मजेत आहोत.

एक गंमत सांगते. घरच्या पडद्यांचं कापड घ्यायला पंडरीत गेले होते. लोकेशभैयांनी मला ओळखलं. कापडाचा तागा उलगडता उलगडता थांबले. "दीदी, कपड़ा बाद में. पहले एक सवाल. हीरोइन चिट्ठी जला रही है. दीये पे नहीं, चूल्हे पे नहीं. काहे पे?"

दुकानात सात-आठ बायका, सगळ्या माझ्याकडे बघतायत. मी म्हटलं, "इस्तरी में. कोयले की इस्तरी खोलके, उसके अंदर."

आई, तो माणूस गादीवर उभा राहिला! "ए सुनो रे! ये पद्मजा दीदी की बहू है!" गल्ल्यावरच्या त्यांच्या भावानंही मान वर करून बघितलं. इथं आल्यापासून कोणी मला अशी ओळख दिली नव्हती. मी इतकी फुलले की भाव करायचाच विसरले. त्यांनाही तेच हवं असणार.

पण शनिवारी परत गोंधळ. शांताबाई विचारतात आणि मला नायिकेचा चेहरा आठवतो, साडी आठवते, बाकी सगळं धुकं. तुम्ही कसं लक्षात ठेवता? काही युक्ती आहे का? उल्कामावशी म्हणतात युक्ती वगैरे काही नाही, "वो पैदाइशी है." माझा विश्वास नाही.

पडदे निळे घेतले. तुमच्या खोलीलाही तेच लावलेत. आवडले नाहीत तर येऊन बदला.

अस्मिता


गोंदिया, १३ डिसेंबर
(आंतर्देशीय)

अस्मिता,
निळे चालते.

युक्ती आहे. पैदाइशी काही नसते, उल्काले म्हन मी सांगितलं. हिरो-हिरोईनीकडे सगळं टॉकीज पाहून राहिलं असते. तू नको पाहू. तू मांगं पाह्य. मांगं पानी कोन भरून राहिलं, दारात कोन उभं आहे, कोनाचं लेकरू झोपलं. हे लोक बोलत नाही, म्हनून कोनी त्याईच्याकडे पाहत नाही. एकदा पाह्यलं की मंग थे विसरता येत नाही.

माहे बाबा रेल्वेत गार्ड होते. महिन्यातून एक सिनेमा दाखवे. इंटरव्हलमंदी विचारे, सांग पद्मा, खिडकीत कोन होतं? आलं तर भजे, नाही आलं तर फक्त चहा. मी लई भजे खाल्ले.

आता त्या सालाची गोष्ट. आशय फोनवर बराबर वाचून राहिला होता. बंबईले थो सिनेमा दोन साल आधीच लागला असन. पन आपल्या रायपूरले थो माह्या लग्नाच्या वर्षी आला. आशयचे बाबा अन् मी, लग्नानंतरचा पहिला सिनेमा. बाल्कनीचं तिकीट नाही भेटलं तं खाली बसलो. माह्या साडीले समोरच्याच्या पानाचा डाग लागला. हे मले माहीत आहे. फोनले रायपूर माहीत नाही.

मी सालासाठी नाही गेली. तुले सांगतो, कोनाले सांगू नको. मले असं वाटलं की आता मले कोनी काहून विचारन? सगळं तं खिशात आहे.

शांताबाईले गरम पानी प्यायले सांग.
पद्मजा


रायपूर, २४ डिसेंबर २०२४

आई,

पत्र मिळालं. तुम्ही कोणाला सांगू नको म्हणालात, मी सांगितलं नाही. पण फ्रिजवर चुंबकाखाली लावून ऑफिसला गेले. आता कोणी पाणी प्यायला येऊन वाचलं तर मी काय करणार?

संध्याकाळी आशयनं वाचलं. पाण्याची बाटली हातात तशीच, फ्रिजचं दार उघडं, सगळी थंडी बाहेर. मी बघत होते. रात्री जेवताना म्हणाला, "मला पण विचारायची ती. मी शाळेतून आलो की चपात्या लाटता लाटता सिनेमा सांगायची. पूर्ण. गाण्यांच्या जागी थांबायची आणि म्हणायची, इथं गाणं आहे, हात धुऊन ये." मग बराच वेळ वरणात बोट फिरवत बसला.

गेल्या रविवारी तो म्हणाला, प्लांटमध्ये काम आहे. संध्याकाळी आला तर कपड्यांना लोखंडाचा वास नाही. शर्टाच्या खिशात गोंदियाचं तिकीट. मी विचारलं तर हसायला लागला आणि मग त्याचं हसू गेलं. मामांच्या घरासमोर पानठेल्यावर उभा होता म्हणे. वर यायचं धाडस झालं नाही. स्टेशनवर समोसे खाऊन परतीची गाडी धरली. तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते.

आणि एक. तुम्हाला हे आशयकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. इथं आले त्याच महिन्यात मी पुण्याला बदली मागितली होती. मला इथलं ऊन सोसेना, बोलणं कळेना, तुम्ही आणि आशय झपाझप हिंदी-मराठी मिसळून बोलायचात आणि मी सांगलीची, मध्येच बसलेली. त्यावरून आमचं भांडण झालं, ते अजून तसं मिटलेलं नाही. ऑर्डर जानेवारीत येईल असं ऑफिसात म्हणतात. आली की काय करायचं, मला माहीत नाही. आत्ता मला फक्त संक्रांतीची मॅच माहीत आहे.

तुम्ही सांगितलं तसं मागं बघायला लागलेय. काल एका बिदाईच्या सीनला मी नवरीकडे बघितलंच नाही. शांताबाई म्हणाल्या, "आता बनली हे पोट्टी."

उल्कामावशींनी रविवारी फरे करून आणले होते. तांदळाचे, लसणाची चटणी. तुमच्या वाट्याचे आशयनं खाल्ले.

अस्मिता


गोंदिया, २ जानेवारी
(पोस्टकार्ड)

अस्मिता,
मी त्याले गॅलरीतून पाह्यला. सेटर घातला नव्हता. एवढ्या थंडीत.
त्याले सांग, दाराले कडी नव्हती.
बदलीचं तुह्या मनानं कर. माह्यासाठी थांबू नको अन् माह्यासाठी जाऊ नको.
मॅचमंदी लोकेश पहिले सोपं विचारते अन् मंग फसवते. ध्यानात ठेवजो.
पद्मजा


पुणे, २२ जानेवारी २०२५

आई,

फोनवर तू "जेवली का?" विचारतेस आणि मी हो म्हटलं की ठेवून देतेस. म्हणून इथूनही पत्रच लिहिते. शिवाय मॅचनंतर लगेच मला मुख्य ऑफिसच्या बोलावण्यावरून पुण्याची गाडी धरावी लागली आणि आपलं नीट बोलणंच झालं नाही. तू त्या दिवशी होतीस खरी, पण समोरच्या टेबलावर होतीस. आमच्या टेबलावर काय झालं ते तुला माहीत नाही. ते ऐक.

आम्ही तिघी सकाळपासून घाबरलेल्या. हॉलमध्ये पोचलो तर खेळणाऱ्यांचे फोन पितळी डब्यात जमा होत होते. पंडरीवाल्यांचे दोघेच आलेले; तिसरा कोणाच्या तरी बारशाला भाटापाऱ्याला गेलेला. लोकेशभैया हैराण. उल्कामावशी माझ्या कानात म्हणाल्या, "देवी प्रसन्न हुई." तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि तू उतरलीस. हातात बॅग, डोक्याला स्कार्फ, स्टेशनवरून थेट.

मी ताडकन उठले. तुझीच खुर्ची होती ना ती. आणि शांताबाईंनी माझा पदर धरून मला खाली बसवलं. तुला वाटलं असेल त्या तुला बघून रडल्या. त्या त्याआधी मला काय म्हणाल्या माहितीये? "तू कुठं चालली? आता हे खुर्ची तुही आहे. तिले उशीर झाला." मग तुझ्याकडे बघून रडल्या.

तू एक क्षण आमच्याकडे बघितलंस, मग लोकेशभैयांकडे, आणि म्हणालीस, "तुमच्याकडे जागा आहे का, भैया?" तो माणूस हात जोडून उभा राहिला. उल्कामावशींनी दोन्ही हात डोक्याला लावले. "गद्दार!" त्या ओरडल्या आणि सगळा हॉल हसला.

पुढचं तुला माहीत आहे. तू आम्हाला सोलून काढलंस. कंदिलाचा सवाल, विहिरीवरच्या बाईचा सवाल. तरी आम्ही बरोबरीत आलो, कारण लोकेशभैयांनी आधी सोपं विचारलं आणि मी तुझ्या कार्डाप्रमाणे सावध राहिले. तुझ्याच शिकवणीनं तुला हरवत होते आणि तू पलीकडून माझ्याकडे बघून चिडत होतीस की खूश होतीस, मला कळत नव्हतं.

शेवटचा सवाल तुझा. "बिदाई आहे. डोली निघून राहिली, सगळे रडून राहिले. एकच मानूस हासून राहिला. कोन?"

उल्कामावशी म्हणाल्या, नौकर? शांताबाई म्हणाल्या, मले दिसत नाही. आणि मला तो सीन आठवला, मी नवरीकडे न बघता पाहिलेला. मी म्हटलं, "आजी. नवरीची आजी. दारात, चौकटीला टेकून."

तू म्हणालीस, "चूक. शहनाईवाला."

लोकेशभैया म्हणाले, सही बोल रही हैं दीदी, शहनाईवाला. लोक टाळ्या वाजवायला लागले. आणि माझ्या तोंडातून निघालं, "आई, तू चुकतेस!"

आई, मला नंतर कळलं की मी 'तू' म्हणाले. आधी मला फक्त एवढंच कळलं की टाळ्या थांबल्यात. आशय मागच्या रांगेत होता, पंच-बिंच कोणी नव्हता आणि प्रेक्षकांचे फोन त्यांच्याकडेच होते. त्याचा हात खिशाकडे गेला. तू बघितलंस. मीही बघितलं. मग तो उठला, सगळ्यांमधून वाट काढत पुढे आला, फोन पितळी डब्यात टाकला आणि तिथंच जमिनीवर तुझ्या पायाशी मांडी घालून बसला. तू त्याच्याकडे न बघताच त्याच्या डोक्यावर हात ठेवलास. त्या वेळी उल्कामावशी माझा हात इतका घट्ट दाबत होत्या की बांगडी वाढली असती.

आणि तू म्हणालीस, "लाव रे लोकेश. पूर्ण सिनेमा लाव. मले पाहाचं आहे."

कोणी उठून गेलं नाही ना गं! बिदाई शेवटाकडे आहे हे सगळ्यांना माहीत होतं. लोकेशभैयांनी सीन पुढे पळवायचं म्हटलं तर शांताबाईंनी काठी आपटली. बायकांनी तिळगूळ वाटले, कोणीतरी चहाची किटली आणली, पोरं आयांच्या मांडीवर झोपली. गाण्यांना सगळ्यांनी एकत्र सूर लावला आणि सगळ्यांचा वेगवेगळा लागला. मला आठवतं, इंटरव्हलला आशयनं तुला विचारलं, "आई, खिडकीत कोण होतं?" आणि तू म्हणालीस, "भजे आन पहिले."

मग बिदाई आली. डोली उचलली. शहनाईवाल्याचे गाल फुगलेले, डोळे बारीक, वाजवता वाजवता हसल्यासारखाच दिसत होता बिचारा. आणि मागं, दारात, चौकटीला टेकून आजी. ओठ मिटलेले. हसत होती.

शांताबाई म्हणाल्या, "हासन नाही तं काय. तिले माहीत होतं, पोट्टी सुटली."

मी तुझ्याकडे बघायला घाबरत होते. दिवाळीचं सगळं डोळ्यांपुढे आलं. आणि तू खुर्चीवरून उठलीस, दोन्ही टेबलांच्या मधून आलीस, माझे गाल धरलेस आणि हॉलकडे तोंड करून ओरडलीस, "पाह्यलं का! चाळीस सालांपासून मी शहनाईवाल्याले हासवून राहिली! माह्या सुनेनं पकडलं!" तुला एवढं खूश झालेलं मी कधीच बघितलं नव्हतं. हरलेली नाचत होती आणि जिंकलेल्या तिघी रडत होत्या.

रिक्षात तू हळूच म्हणालीस, "आज तू मले तू म्हनलं." मी माफी मागायला लागले तर म्हणालीस, "आता बदलशीन तं पाहाय." म्हणून हे पत्र असं आहे.

आता इथलं. ऑर्डर आली होती, संक्रांतीच्या आदल्याच दिवशी. मी कोणाला दाखवली नाही. आशयला गाडीत बसताना स्टेशनवर दाखवली. त्यानं वाचली, परत दिली आणि म्हणाला, "तू ठरव. मी पण बघतो पुण्याकडे काही मिळतं का." भांडला नाही. मला त्या क्षणी तो फार आवडला, हे तू त्याला सांगू नकोस. फ्रिजवर लावलंस तरी चालेल.

आज मोठ्या मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन मी बदली नको असं लिहून दिलं. त्यांना वाटलं मी चुकून उलट लिहिलंय. परत वाचलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "अगं, लोक पुण्यासाठी पाच-पाच वर्षं थांबतात. रायपूरला असं आहे तरी काय?"

मी खूप विचार केला. ऊन सांगावं की पंडरी, की तुझं नाव घ्यावं. शेवटी म्हटलं, "मॅडम, माझी टीम आहे तिथं."

त्या एकदम गंभीर झाल्या. म्हणाल्या, "वा. टीमवर इतकी निष्ठा हल्ली दिसत नाही," आणि सही केली. त्यांना ऑफिसची टीम वाटली. मी काही खुलासा केला नाही.

तुझी,
अस्मिता